दोन सिग्नल पेप्टाइड जुळत का नाहीत, आणि तुमचं जीएफपी सेलभर का पसरलंय

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी माणसाचं एक प्रोटीन, साधारण ४० किलोडाल्टन वजनाचं, जे सेलमधून बाहेर सोडलं जातं, ते तुम्ही पी-ईजीएफपी-सी१ व्हेक्टरमध्ये, म्हणजे हिरवं चमकणारं प्रोटीन जीएफपी सोबत जोडून देणाऱ्या डीएनएत घातलं, हेक २९३ या माणसाच्या सेल्समध्ये टाकलं, सिग्नलपी हे सॉफ्टवेअर सांगतंय की सुरुवातीला २२ अमिनो ॲसिडचं सिग्नल पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनने कुठे जायचं ते सांगणारा तुकडा, आहे, आणि तरी मायक्रोस्कोपखाली हिरवा रंग सगळ्या सेलभर, अगदी न्यूक्लियससकट. गाइडचं म्हणणं सिग्नल पेप्टाइडच खराब असेल. आणि जाता जाता तुम्ही विचारलंय की पुस्तकात सिग्नल पेप्टाइडला पिनकोड म्हणतात, मग दहा प्रोटीनचे सिग्नल एकाखाली एक मांडून बघितले तर काहीच जुळत नाही, असा कसा पिनकोड.

जाता जाता विचारलेला प्रश्नच जास्त महत्त्वाचा आहे, तो कळला की पहिला सुटतोच. मी पुण्यात एका कंपनीत सोळा वर्षं मानवी आणि हॅमस्टरच्या सेल्समधून अँटिबॉडी नि इतर प्रोटीन बाहेर काढायचं काम करतोय, म्हणजे सिग्नल पेप्टाइडवरच पोट आहे म्हणा ना. पिनकोडवाली उपमा मीही नवीन मुलांना सांगायचो, आता बंद केलंय, कारण त्या उपमेमुळेच तुमच्यासारखे कन्स्ट्रक्ट, म्हणजे जोडून बनवलेले डीएनए, तयार होतात. पिनकोड पाकिटावर कुठेही लिहिला तरी पोस्टमन शोधून वाचतो. इथे तसं चालत नाही.

आधी एक सिग्नल जवळून बघू. इन्शुलिनचं घ्या. माणसाचं इन्शुलिन पहिल्यांदा तयार होतं तेव्हा ते ११० अमिनो ॲसिडचं असतं, त्याला प्रीप्रोइन्शुलिन म्हणतात, आणि त्यातले पहिले २४ म्हणजे सिग्नल पेप्टाइड. मेथिओनीन, ॲलानीन, ल्युसीन, ट्रिप्टोफॅन, मेथिओनीन, आर्जिनीन, आणि मग ल्युसीन ल्युसीन प्रोलीन ल्युसीन ल्युसीन ॲलानीन ल्युसीन ल्युसीन ॲलानीन ल्युसीन... चोवीसात आठ ल्युसीन. मोठ्याने वाचलं तर पाढे म्हटल्यासारखं वाटतं. सुरुवातीजवळ एक धन चार्जवालं आर्जिनीन, मधे हा तेलकट, म्हणजे पाणी टाळणारा, पट्टा, आणि शेवटी ॲलानीन ॲलानीन ॲलानीन. दुसऱ्या एखाद्या प्रोटीनमध्ये आर्जिनीनच्या जागी लायसीन असेल, ल्युसीनच्या जागी व्हॅलीन-आयसोल्युसीन असतील, लांबी १८ असेल नाहीतर ३० असेल. अक्षरं जुळणार नाहीत पण ठेवण तीच: पुढे थोडा धन चार्ज, मधे तेलकट, शेवटी लहान अमिनो ॲसिड जिथे कापता येईल.

लग्नाच्या हॉलच्या दारात गुलाबपाणी शिंपडायला जो मामा उभा असतो ना, तो प्रत्येकाचं नाव-गाव विचारत नाही, फेटा दिसला की वरपक्षाकडच्या रांगेत पाठवतो. फेटा केशरी असो की गुलाबी. सेलमध्ये हे काम एसआरपी करतं, सिग्नल रेकग्निशन पार्टिकल, सहा प्रोटीन आणि एक आरएनए मिळून झालेलं. त्यातलं एसआरपी ५४ नावाचं प्रोटीन सिग्नल पकडतं, आणि ज्या खाचेत पकडतं तिच्या आत मेथिओनीनची गर्दी असते. मेथिओनीनची साइड चेन लवचिक असते, ब्रशच्या केसांसारखी, त्यामुळे वेगवेगळ्या आकाराचे तेलकट पट्टे त्यात बसून जातात. कुलूप-किल्लीसारखं नेमकं बसणं इथे मुद्दाम टाळलेलंच आहे असं म्हणायला हरकत नाही.

हे किती ढिलं आहे बघा. १९८७ मध्ये यीस्टमध्ये एक प्रयोग झाला, इन्व्हर्टेज नावाच्या एन्झाइमचा सिग्नल काढून त्या जागी डीएनएचे कसलेही रँडम तुकडे घातले, तर त्यातल्या जवळपास एक पंचमांश तुकड्यांनी ते एन्झाइम बाहेर काढून दाखवलं. पाचात एक! यीस्ट म्हणजे माणूस नाही हे मान्य, पण यंत्रणा एकाच घराण्यातली आहे.

आता वेळेचा मुद्दा, जो पिनकोडच्या उपमेत येतच नाही. प्रोटीन पूर्ण तयार झाल्यावर त्याचा पत्ता वाचतात असं नाही, तयार होत असतानाच वाचतात. रायबोसोम, म्हणजे प्रोटीन जोडणारं यंत्र, त्यातल्या बोगद्यात साधारण ३० ते ४० अमिनो ॲसिड लपलेले असतात, म्हणजे इन्शुलिनचा २४ चा सिग्नल पूर्ण बाहेर डोकावेपर्यंत साठ-एक अमिनो ॲसिड जोडून झालेले असतात. मानवी सेलमध्ये जोडायचा वेग सेकंदाला पाच-सहा धरला तर ११० चं काम वीस सेकंदांत संपतं, आणि सिग्नल दिसल्यापासून हातात राहतात दहाएक सेकंद. तेवढ्यात एसआरपीने पकडायचं, रायबोसोमचा वेग मंदावायचा, अख्खा रायबोसोम ईआरच्या (बाहेर जाणारी प्रोटीन्स जिथे आधी शिरतात त्या सेलमधल्या कप्प्याच्या) पडद्यापाशी नेऊन सेक६१ नावाच्या छिद्रावर बसवायचा. मग साखळी थेट आत उतरत राहते आणि सिग्नल पेप्टिडेज तो तुकडा छाटून टाकतं. इन्शुलिनसारख्या छोट्या प्रोटीन्सना घाईमुळे कधीकधी एसआरपी गाठता येत नाही, मग सेक६२ वगैरे मदतनीस त्यांना नंतर आत घेतात, पण ती छोट्यांसाठीची सोय.

हे सगळं कळलं ते गुंटर ब्लोबेल यांच्या लॅबमुळे, न्यूयॉर्कची रॉकफेलर युनिव्हर्सिटी. १९७१ मध्ये त्यांनी आणि डेव्हिड साबातिनींनी नुसती कल्पना मांडली होती, १९७२ मध्ये इंग्लंडमध्ये सीझर मिल्स्टीन यांच्या गटाला दिसलं की अँटिबॉडीची लाइट चेन आधी थोडी लांब तयार होते, आणि १९७५ मध्ये ब्लोबेल आणि डोबरस्टाइन यांनी टेस्टट्यूबमध्ये दाखवून दिलं. कुत्र्याच्या स्वादुपिंडातून काढलेल्या ईआरच्या पिशव्या, म्हणजे मायक्रोसोम, प्रोटीन तयार होत असताना ट्यूबमध्ये असतील तर प्रोटीन आत जायचं, सिग्नल कापला जायचा, आणि बाहेरून प्रोटीन खाणारं एन्झाइम घातलं तरी आतलं सुरक्षित राहायचं. तेच मायक्रोसोम प्रोटीन पूर्ण झाल्यावर घातले तर काही नाही, प्रोटीन बाहेरच, एन्झाइमने फस्त. तोच सिग्नल, तेच प्रोटीन, तेच मायक्रोसोम, फक्त उशीर झाला. ब्लोबेलना १९९९ चं नोबेल मिळालं, आणि त्यांनी बक्षिसाचे पैसे ड्रेस्डेनमधलं युद्धात पडलेलं चर्च आणि सिनेगॉग परत उभारायला दिले, हे आपलं विषयांतर.

आता तुमच्या कन्स्ट्रक्टकडे या. पी-ईजीएफपी-सी१ मधला सी पाहून सगळ्यांना वाटतं की जीएफपी शेवटी लागतं. उलट आहे. तुमचं प्रोटीन जीएफपीच्या सी टोकाला, म्हणजे शेवटच्या टोकाला, लागतं, म्हणजे जीएफपी पुढे आणि तुमचं प्रोटीन मागे. या नावाने किती जणांचे किती महिने खाल्लेत याची गणती नाही. तर तुमच्या केसमध्ये रायबोसोममधून आधी जीएफपीचे २३८ अमिनो ॲसिड बाहेर येतात, त्यांचा डब्यासारखा आकार सायटोप्लाझममध्ये फोल्ड होऊन बसतो, त्याच्या मागून लिंकर म्हणजे जोडणारा तुकडा, आणि मग कुठेतरी अडीचशेच्या पुढे तुमचा बिचारा सिग्नल येतो. एसआरपी आतले तेलकट पट्टेही पकडतं, मेंब्रेन प्रोटीन तसेच तर बसतात, पण ते पट्टे लांब आणि जास्त तेलकट असतात. कापला जाणारा साधा सिग्नल एवढ्या आत गाडला गेला की बहुतेक वेळा चालत नाही. सिग्नल खराब नाही, तुम्ही त्याला रांगेत मागे उभं केलंय. गाइडना हे सांगताना जरा सांभाळून सांगा.

न्यूक्लियसमधल्या हिरव्या रंगाचं मात्र वेगळं आहे आणि त्याने मला जास्त शंका येते. न्यूक्लियर पोअरमधून साधारण ४० किलोडाल्टनपर्यंतची प्रोटीन्स आपसूक झिरपतात. एकटं जीएफपी २७ चं, ते कायमच न्यूक्लियसमध्ये दिसतं, त्यावरून कुणी न्यूक्लियर सिग्नल सापडला म्हणू नये. पण तुमचं जोडप्रोटीन २७ अधिक ४० म्हणजे ६७ च्या आसपास, ते एवढ्या सहज झिरपायला नको. तेव्हा एक तर तुमचं प्रोटीन सायटोप्लाझममध्ये नीट फोल्ड न झाल्याने तुटतंय आणि मोकळं जीएफपी फिरतंय, किंवा क्लोनिंगमध्ये रीडिंग फ्रेम, म्हणजे डीएनए तीन-तीन अक्षरांनी वाचायची चौकट, सरकलीय आणि जीएफपीनंतर लगेच स्टॉप, म्हणजे थांबायची खूण, आलाय. अँटी-जीएफपी अँटिबॉडी लावून एक वेस्टर्न करा, म्हणजे प्रोटीन वजनाप्रमाणे वेगळी करून जीएफपी कुठे आहे ते बघायची चाचणी. बँड ६७ ला आहे की २७ ला, एका दिवसात कळेल. मायक्रोस्कोपला रंग दिसतो, वजन दिसत नाही.

मग जीएफपी शेवटी लावायचं का? तुमच्या प्रोटीनसाठी हो. पण हा नियम म्हणून पाठ करू नका, कारण मी तसा केला होता आणि आपटलो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका जुन्या ठिकाणी पेरॉक्सिसोम या सेलमधल्या छोट्या कप्प्याचं एक एन्झाइम हातात होतं, मी हौसेने जीएफपी शेवटी लावलं कारण 'सिग्नल पुढे असतो'. चार महिने ते सायटोप्लाझममध्ये पसरलेलं बघत बसलो, सेल लाइन बदलली, मिडियम बदललं, मायक्रोस्कोपवर संशय घेतला. शेवटी एका सीनियर मॅडमनी सीक्वेन्सचं शेवटचं टोक बोटाने दाखवलं: सेरीन, लायसीन, ल्युसीन. एस-के-एल. पेरॉक्सिसोमचा सिग्नल हा तीन अक्षरांचा आणि अगदी शेवटीच लागतो, त्यानंतर एक अमिनो ॲसिड जरी आलं तरी पेक्स५ नावाचा रिसेप्टर त्याला पकडू शकत नाही. मी त्याच्यावर २३८ ठेवले होते. हा सिग्नल सापडला तो काजव्यामुळे, सॅन डिएगोमधल्या सुरेश सुब्रमणी यांच्या गटाने १९८० च्या दशकात काजव्याचं उजेड पाडणारं ल्युसिफरेज माकडाच्या सेल्समध्ये घातलं तर ते सरळ पेरॉक्सिसोममध्ये जाऊन बसलं, आणि मग टोकं कापत कापत ते तीन अक्षरांपर्यंत पोचले.

थोडक्यात, 'सिग्नल' या एका शब्दाखाली चार-पाच वेगळ्या तऱ्हा आहेत आणि प्रत्येकीचा वाचणारा वेगळा. ईआरचा पुढे असतो, तेलकट असतो, तयार होतानाच वाचतात आणि कापून टाकतात. मायटोकाँड्रियाचाही पुढे आणि बहुतेकदा कापला जाणारा, पण तो असा वळतो की एका बाजूला धन चार्ज आणि दुसऱ्या बाजूला तेलकट, टॉम२० नावाचं प्रोटीन तो ओळखतं, प्रोटीन मुख्यतः तयार झाल्यावर आणि न फोल्ड होता आत ओढलं जातं. न्यूक्लियसचा कुठेही असू शकतो, लायसीन-आर्जिनीनचा झुबका, एसव्ही४० व्हायरसचा प्रसिद्ध सिग्नल सात अक्षरांचा आहे आणि त्यातले पाच धन चार्जवाले, हा कापत नाहीत कारण सेल विभागला की न्यूक्लियसचा पडदा विरघळतो आणि प्रोटीनला परत आत जावं लागतं. आणि के-डी-ई-एल ही शेवटची चार अक्षरं असतील तर ईआरमधून निसटलेलं प्रोटीन गॉल्जी या पुढच्या कप्प्यातून परत आणलं जातं, तो पाठवणीचा सिग्नल नसून माघारी आणण्याचा आहे. ज्याला यातलं काहीच नाही ते सायटोप्लाझममध्येच राहतं.

या सगळ्यात मला सर्वात आवडणारी गोष्ट एका आजाराची आहे, कारण त्यात सिग्नल, वेळ आणि फोल्डिंग तिन्ही एकदम दिसतात. एजीटी नावाचं एक एन्झाइम आपल्या लिव्हरच्या पेरॉक्सिसोममध्ये असतं, ग्लायऑक्झिलेटचं ग्लायसीन करतं. ते झालं नाही तर ग्लायऑक्झिलेटचं ऑक्झलेट होतं, कॅल्शियमबरोबर त्याचे खडे होतात, लहान वयात मुतखडे आणि पुढे किडनी निकामी. प्रायमरी हायपरऑक्झल्युरिया टाइप १. काही पेशंटच्या लिव्हरमध्ये हे एन्झाइम व्यवस्थित असतं, टेस्टट्यूबमध्ये काम करतं, तरी माणूस आजारी. लंडनमधल्या ख्रिस डॅनप्युअर यांच्या गटाने १९८९ मध्ये दाखवलं की एन्झाइम चुकीच्या खोलीत बसलंय, पेरॉक्सिसोमऐवजी मायटोकाँड्रियात.

कसं झालं हे? या एन्झाइमचं ११ वं अमिनो ॲसिड साधारणपणे प्रोलीन असतं, पण बऱ्याच निरोगी लोकांत तिथे ल्युसीन असतं. प्रोलीन गेलं की पुढचं टोक वळून मायटोकाँड्रियाच्या सिग्नलसारखं दिसायला लागतं, कच्चा सिग्नल. पण फरक पडत नाही, पाचेक टक्केच तिकडे जातं, कारण एजीटी पटकन फोल्ड होऊन जोडीने बसतं आणि फोल्ड झालेलं प्रोटीन मायटोकाँड्रियाच्या दारातून आत जात नाही. पेरॉक्सिसोमला मात्र फोल्ड झालेलं चालतं. आता त्याच माणसात १७० व्या जागी ग्लायसीनचं आर्जिनीन झालं, की जोडी जमायला उशीर होतो. तेवढ्या उशिरात मायटोकाँड्रिया त्याला ओढून घेतं, नव्वदेक टक्के. शेवटचा पेरॉक्सिसोमचा सिग्नल जसाच्या तसा शाबूत आहे, वाचणाराही आहे, पण त्याच्या आधी दुसऱ्याने नेलं. यातल्या काही पेशंटना व्हिटॅमिन बी६ ने बराच फरक पडतो, कारण ते या एन्झाइमचं सोबती आहे आणि त्याला नीट फोल्ड व्हायला हात देतं. अजून एक गंमत, मांजरासारख्या मांसाहारी प्राण्यांत हे एन्झाइम मुळातच मायटोकाँड्रियात असतं आणि सशात पेरॉक्सिसोममध्ये, कारण मांसातून येणारं ग्लायऑक्झिलेट मायटोकाँड्रियात तयार होतं आणि पाल्यातून येणारं पेरॉक्सिसोममध्ये. म्हणजे उत्क्रांतीनेही खाण्याप्रमाणे पत्ता बदललाय.

सिग्नलच बिघडून होणारे आजारही आहेत. इन्शुलिनच्या त्या २४ मधलं शेवटचं ॲलानीन जाऊन ॲस्पार्टिक ॲसिड आलं तर कापणारं एन्झाइम नीट कापू शकत नाही, प्रोटीन ईआरमध्ये अडकतं आणि बाळाला जन्मानंतर काही महिन्यांतच डायबिटीस होतो. एक अक्षर, तेही जे नंतर फेकूनच द्यायचं असतं त्या तुकड्यातलं. फेकून द्यायचं म्हणालो पण सेल तोही वाया घालवत नाही, एचएलए या सेलची ओळख दाखवणाऱ्या प्रोटीन्सच्या कापलेल्या सिग्नलचा नऊ अमिनो ॲसिडचा तुकडा एचएलए-ई नावाच्या प्रोटीनवर बसून सेलच्या बाहेर दाखवला जातो, तो दिसला की नॅचरल किलर सेल्स समजतात इथलं ठीक चाललंय आणि पुढे जातात.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते प्रामाणिकपणे सांगतो. कुठला सिग्नल कुठल्या प्रोटीनला जास्त चांगला हे मला आजही कागदावर सांगता येत नाही. आम्ही एकाच अँटिबॉडीला चार-पाच वेगवेगळे सिग्नल लावून लहान फ्लास्कमध्ये बघतो, आणि एकीला जो सर्वोत्तम तो दुसरीला मधलाच ठरतो, कारण सिग्नलच्या लगेच पुढचे अमिनो ॲसिड कापण्यावर परिणाम करतात. सिग्नलपी चांगलं आहे, डेन्मार्कच्या मंडळींनी १९९७ पासून ते सुधारत आणलंय, पण ते सीक्वेन्सची शक्यता सांगतं, तुमचा सिग्नल रांगेत कुठे उभा आहे हे तुम्ही त्याला सांगितलेलंच नसतं. तुम्ही नुसतं प्रोटीन पेस्ट केलं असणार. जीएफपीसकट पूर्ण सीक्वेन्स पेस्ट करून बघा, सिग्नल नाही असंच म्हणेल. शिवाय व्हेक्टरमधला सीएमव्ही प्रमोटर, म्हणजे जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा, इतकं प्रोटीन बनवतो की यंत्रणा तुंबते आणि चांगला सिग्नलही गळतो, म्हणून डीएनए कमी टाका आणि खूप झगमगणारे सेल सोडून मंद सेल्सचे फोटो काढा.

तर करायचं असं. आधी तो वेस्टर्न. मग एन सिरीजचा व्हेक्टर घ्या, म्हणजे जीएफपी मागे येईल, तुमच्या प्रोटीनचा स्टॉप कोडॉन काढायला विसरू नका, आणि फ्रेम सीक्वेन्सिंग करून बघा. जमलं तर सुपरफोल्डर जीएफपी वापरा, साधं ईजीएफपी ईआरच्या आत डायसल्फाइडच्या गोंधळात कधीकधी नीट उजळत नाही. नवीन कन्स्ट्रक्ट टाकल्यावर सेल अंधारे दिसले तर घाबरू नका, तुमचं प्रोटीन बाहेर पडणारं आहे, ते मिडियममध्ये गेलं असेल, मिडियम फेकायच्या आधी त्याचाही वेस्टर्न करा. आतच बघायचं असेल तर ब्रेफेल्डिन ए घालून काही तास वाट अडवा आणि शेजारी ईआरमध्येच राहणाऱ्या कॅलनेक्सिन प्रोटीनचा लाल रंग ठेवा, दोन्ही जाळी एकावर एक बसली पाहिजेत. आणि तुमच्या प्रोटीनमध्ये ॲस्परॅजीन, मग प्रोलीन सोडून कुठलंही एक, मग सेरीन किंवा थ्रिओनीन असा क्रम कुठे असेल, जिथे साखरेची साखळी लागू शकते, तर सर्वात स्वस्त पुरावा तोच: पीएनगेज एफ या एन्झाइमने साखर काढा, बँड प्रत्येक साखळीमागे अडीचएक किलोडाल्टन खाली सरकला तर प्रोटीन ईआरच्या आत जाऊन आलंय, कारण ती साखर लागते फक्त तिथेच.

जुना कन्स्ट्रक्ट टाकून देऊ नका. नव्याच्या शेजारी त्याचा फोटो ठेवा, सिग्नल तोच आणि जागा बदलली एवढाच फरक असलेला इतका चांगला कंट्रोल मुद्दाम बनवायला गेलात तर दोन आठवडे जातील, तो तुमच्याकडे फुकटात तयार आहे.